सांकेतिक चिन्ह उ, गुण एक्क्याण्णव

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ९.४०

काल संध्याकाळच्या सभेत ठरले : वाचनालयाला साठ वर्षे पूर्ण होतात, त्या समारंभात पाहुण्यांना कपकेक द्यावयाचे. संख्या चारशे. ‘कपकेक’ हा शब्द मला मान्य नाही. योग्य पर्याय सुचेपर्यंत नाइलाजाने वापरतो.

पाच बेकऱ्यांचे अर्ज आले आहेत. निवड कोणी करावी, असा प्रश्न निघाला. अध्यक्षांना मधुमेह, कोषाध्यक्षांची कवळी सैल. मी उभा राहिलो आणि शास्त्रशुद्ध परीक्षण म्हणजे काय, हे सांगू लागलो. माझी प्रस्तावना पूर्ण होण्यापूर्वीच सर्वांनी एकमुखाने मंजूर, मंजूर म्हटले. सचिवांनी तर पंखाही बंद केला. इतका विश्वास आजकाल दुर्मीळ.

पाचांपैकी एक अर्ज आमच्या सूनबाईचा आहे. हे मी स्वतः सभेत सांगितले, उगाच मागून कोणी कुजबुजायला नको. सूनबाईचे दुकान आमच्या जिन्यापासून चाळीस पावलांवर, शेजारच्या इमारतीच्या तळमजल्यावर. आठ महिने झाले. दुकानाचा भाडेकरार या महिनाअखेर संपतो. काल जेवताना ती म्हणाली, बाबा, चारशे लोकांच्या तोंडी माझा केक गेला तर करार पुढे वाढवीन, नाहीतर किल्ली परत. पुन्हा विमा कंपनीत फोन उचलत बसायचं. चिरंजीवांनी तिच्या ताटात भात वाढला. मी तिला सांगितले की, परीक्षकाला सून नसते.

यावर हिने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, आमटीचे पातेले जरा जोरात ठेवले.

४ फेब्रुवारी, मंगळवार

पद्धत निश्चित केली. चौतीस वर्षे भाषा शिकवली, त्यांतील एकोणीस वर्षे शालान्त परीक्षेचा मुख्य नियामक होतो. उत्तरपत्रिकेवरील नाव झाकून सांकेतिक क्रमांक घालण्याची शिस्त हाडीमांसी खिळली आहे. तीच येथे लावतो.

हिने रोज एका बेकरीतून एक साधा व्हॅनिला कपकेक आणावा. कागद काढून पांढऱ्या बशीत ठेवावा. बशीखाली चिन्ह : अ, इ, उ, ए, ओ. कोणते चिन्ह कोणत्या बेकरीचे, हे तिने आजच एका चिठ्ठीवर लिहून पाकीट लाखेने बंद करावे. मला काही कळता कामा नये.

गुण शंभर. रूप २०, पोत ३०, चव ४०, शिस्त १०. शिस्त म्हणजे पदार्थाने अंगावर चुरा न सांडता खाणाऱ्याशी सभ्यपणे वागणे.

डॉक्टरांनी साखर कुंपणावर असल्याचे सांगितले आहे. म्हणून प्रत्येकी दोनच घास. मध्ये कोमट पाण्याचा एक घोट.

हिने विचारले, अहो, घड्याळाच्या चौकात जायला दोन बस बदलाव्या लागतात, माझा गुडघा माहीत आहे ना. चालण्याने गुडघा सुधारतो, असे मी तिला समजावले. ती म्हणाली, बरं. संसारात समजूतदारपणा लागतो तो असा.

५ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी १०.१५

चिन्ह अ.

रूप बेताचे. माथा एका बाजूला कललेला. पोत कोरडा. पहिल्या घासातच ओळखले की हा सूनबाईचा. घरचा हात लपत नाही. ओळख पटल्यावर अधिक कठोर होणे हे परीक्षकाचे कर्तव्य, नाहीतर जीभ नात्याकडे झुकते. शेरा : ‘कोरडा, आत्मविश्वासहीन, स्पर्श होताच चुऱ्यात विसर्जित होणारा.’ गुण ४४.

निर्णय पक्का व्हावा म्हणून दोनऐवजी पूर्ण खाल्ला. हा अपवाद.

६ फेब्रुवारी, गुरुवार

चिन्ह इ. गुण ६७. सद्हेतूने केलेला, परंतु मध्यभागी विचार कमी पडला आहे. पूर्ण खाल्ला. मध्यभाग शेवटीच कळतो.

ही बाजारातून फार लवकर परतली. माझा वर्तमानपत्राचा अग्रलेखही वाचून झाला नव्हता. मी म्हटले, पाहिलेस, गुडघा कसा सुटला. ती म्हणाली, हो, अगदी.

७ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी १०.३०

चिन्ह उ. आज बरेच लिहावयाचे आहे.

ओलसर, संयमी, बोलका. गोडवा आधी येत नाही, मागाहून येतो आणि बसून राहतो. यामागे निदान तीन पिढ्यांचा अनुभव आहे. ही घड्याळाच्या चौकातील बेकरी, यात मला तिळमात्र संशय नाही. अशा मोठ्या भट्टीपुढे सूनबाईचा आठ महिन्यांचा उद्योग म्हणजे सूर्यापुढे काजवा. गुण ९१. नियामकपदाच्या एकोणीस वर्षांत नव्वदच्या वर मी दोनदाच गेलो आहे, आणि त्यांतला एक विद्यार्थी पुढे न्यायाधीश झाला.

दुसरा आणायला सांगितला. फेरतपासणीसाठी. ही खाली गेली आणि चहा निवायच्या आत घेऊन आली. सांगत होती, कालच एक जादा आणून ठेवला होता खाली. कुठे खाली, हे विचारायचे राहिले.

८ फेब्रुवारी, शनिवार

चिन्ह ए. ५८. पोटात जडपणा आहे, त्याचा परिणाम गुणांवर होऊ दिलेला नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

चिन्ह ओ. ७२. खटपटी. दुपारी झोप आली नाही. अहवालाच्या पहिल्या वाक्याचे सात मसुदे केले.

१० फेब्रुवारी, सोमवार

सचिवांच्या घरी सर्वांसमक्ष पाकीट फोडले. हिच्या हस्ताक्षरात चिठ्ठी : अ – सूनबाई. उ – घड्याळाचा चौक. माझे दोन्ही अंदाज अचूक. सचिव म्हणाले, सर, तुमच्या जिभेला तोड नाही. मी केवळ मान लववली.

अकरा पानी अहवाल सादर. वीस तारखेच्या सभेत तो स्वीकारून ऑर्डर द्यावयाची. वाचनालयाच्या फलकावर उद्या टंकलिखित प्रत लागेल. सूनबाई पाचवी आली याचे मला दुःख आहे, पण ते अभिमानात मिसळलेले दुःख आहे. घरातल्या माणसाला शेवटचा क्रमांक देणारा परीक्षक या शहराने पाहिला नसेल.

११ फेब्रुवारी, मंगळवार. दुपारी ३.२०

क्रमाने लिहितो.

जेवणानंतर अहवालाची कार्बन प्रत हिला वाचावयास दिली. कौतुक करील अशी अपेक्षा होती. ‘तीन पिढ्यांचा अनुभव’ येथे ती हसू लागली. चष्मा काढून पदराने डोळे पुसले, पुन्हा चष्मा लावला, पुन्हा हसली. मग चव्वेचाळीस हा आकडा दिसला आणि हसणे थांबले.

म्हणाली, अहो, पाचही आपल्या सुनेकडचेच होते. रोज खालून एक आणत होते. दोन-दोन बस करून पाच टोकांना कोण जाणार या गुडघ्याने.

मी विचारले, मग चिठ्ठी? ती म्हणाली, काहीतरी लिहायला हवं म्हणून नावं घातली. पाचही सारखे, म्हणजे गुणही सारखेच पडतील, मग तिचं नुकसान कसं होईल, असा विचार केला मी. तुम्ही एवढी वर्षं पेपर तपासलेत.

शेवटच्या वाक्याची गरज नव्हती.

त्या एकोणीस वर्षांत माझ्या हातांखालून किती उत्तरपत्रिका गेल्या असतील, याचा अंदाज करू लागलो होतो. थांबवला.

संध्याकाळी ६.००

निर्णय झाला. उद्या सकाळी सचिवांकडे जाऊन सत्य सांगणे. माझी चूक नाही. मला पुरवलेल्या साहित्यात दोष होता. तसे स्पष्ट म्हणावयाचे. सूनबाईचे गुण रद्द, नवे परीक्षण.

१२ फेब्रुवारी, बुधवार

गेलो नाही. अशी गोष्ट तोंडी सांगणे अप्रशस्त. पत्र लिहितो.

पहिला मसुदा : फारच क्षमायाचक. दुसरा : हिच्यावर सगळा दोष टाकल्यासारखा. तसा तो तिचाच आहे, पण लेखी नको. तिसऱ्यात ‘अनवधानाने’ हा शब्द चार वेळा आला. फाडला.

शिवाय एक शास्त्रीय मुद्दा सुचला. पाच निरनिराळे दिवस. भट्टीची उष्णता, हवेतील दमटपणा, लोण्याची जात, सूनबाईची मनःस्थिती, सगळे रोज वेगळे. म्हणजे ते पाच भिन्न पदार्थच होते. मी जे भेद टिपले ते खरेच होते. हे हिला सांगितले. ती म्हणाली, आता हे तिलाच सांगा.

सूनबाईला यातले काही ठाऊक नाही हे बरे. हिला तंबी दिली आहे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

नवा विचार, आणि मला वाटते निर्णायक. अन्याय झाला आहे की नाही, हे आधी पाहावयास हवे. इतर चार बेकऱ्यांचा माल खरोखर माझ्या अहवालाबरहुकूम निघाला, तर अहवाल योगायोगाने का होईना बरोबर ठरतो. मग पत्राची आवश्यकताच नाही.

स्वतः जाणार. छत्री, वही, कोमट पाण्याची बाटली. हिला सांगितले, पाय मोकळे करून येतो.

स्टेशनजवळची बेकरी. काउंटरवरच्या बाईंना मी व्हॅनिला कपकेक मागितला. त्या म्हणाल्या, व्हॅनिला संपलाय आजोबा, चॉकलेट देऊ का, रंग सोडला तर सगळं तेच आहे. एका उद्योजकाने स्वतःच्या मालाबद्दल असे बोलावे. खाल्ला. तेच होते, पण काय, ते सांगता येत नाही. अहवालात ६७ आहेत. येथे ३५ ठरले. पुढे तासभर रस्त्यांवरून फिरत राहिलो.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

दोन बेकऱ्या. एकीत कपकेक कालचा होता, दुसरीत परवाचा. दुसऱ्या मालकांना मी ताजेपणाबद्दल चार शब्द सांगितले. ते म्हणाले, काका, कपकेक बोलत नाही, तुम्ही का बोलता.

दोन्ही पूर्ण खाल्ले. अर्धवट पुराव्यावर निष्कर्ष काढू नये.

१५ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी १.००

घड्याळाचा चौक. दोन बस. गुडघे माझेही दुखतात, हे आज लक्षात आले.

काचेचे कपाट, टोकन देणारे यंत्र, बसायला उंच स्टूल. स्टुलावर बसलो तर पाय लोंबकळू लागले. माझा क्रमांक ५१. समोर आला तो कपकेक दिसायला देखणा. वर क्रीमचा डोंगर, त्यावर चांदीचे मणी. क्रीम खाल्ले, त्याखाली काय आहे ते शोधले. कापूस असावा. तीन पिढ्यांचा अनुभव कुठेच नव्हता. गल्ल्यावरच्या तरुण मालकांना विचारले, आजोबांच्या वेळेपासूनचं दुकान का. ते म्हणाले, नाही हो, दोन वर्षांपूर्वी इथे बूट विकायचे.

गुण ३८. मात्र पाय लोंबकळत असताना दिलेले गुण ग्राह्य धरता येत नाहीत. फेरतपासणी हवी. दुसरा घेतला. ३६.

संध्याकाळी ५.००

परतताना सूनबाईच्या दुकानावरून आलो. ती आत ट्रे घासत होती. मी म्हटले, एक दे पाहू. तिने कागद न काढता, बशी न घेता, तसाच हातात दिला. उभ्याउभ्या खाल्ला. त्याला किती गुण, हे लिहीत नाही.

पत्र सोमवारी नक्की.

१७ फेब्रुवारी, सोमवार

पत्राचा चौथा मसुदा उत्तम झाला आहे. चार पाने. केवळ समारोप राहिला.

दुपारी सूनबाई फलकावरची माझ्या अहवालाची प्रत हाताने उतरवून घेऊन आली. हाताला पीठ. माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. विचारू लागली, बाबा, माझा तो अ, ‘आत्मविश्वासहीन’ म्हणजे नक्की कुठे चुकला. मी म्हटले, एकंदर. मग म्हणाली, आणि घड्याळवाल्यांचा तो उ, ‘गोडवा मागाहून येतो आणि बसून राहतो’, ते कसं साधत असतील हो त्यांना. ही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि टोपल्यातले वाटाणे एकेक करून सोलत होती. शेंगा कधीच संपल्या होत्या.

मी वीस मिनिटे बोललो. तापमान, संयम, हाताची पारख. बोलता बोलता तसे खरेच असेल असे वाटू लागले. सूनबाईने सगळे ऐकले. म्हणाली, घरचं माणूस असून तुम्ही एवढं स्पष्ट लिहिलंत. दुसरं कुणी लिहिलं नसतं. मग जरा थांबून, आणखी काही सांगायचंय का, बाबा?

मी म्हटले, शिस्तीकडे लक्ष दे.

ती उठून गेली. हिने रिकाम्या शेंगांची परडी माझ्यासमोर ठेवली.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

रक्ततपासणी. डॉक्टर म्हणाले, साखर आता कुंपणावर नाही, उडी मारून आत आली आहे. काय खाता. मी म्हटले, संशोधन चालू आहे. गोड पूर्ण बंद करण्यास सांगितले. केले. म्हणजे परीक्षणाचे साधनच माझ्याकडून काढून घेण्यात आले. आता या विषयावर अधिक काही बोलणे मला शोभणार नाही, असाही एक विचार आला. तो बाजूला सारला.

१९ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी ८.००

पत्र पूर्ण. शाई वाळते आहे. उद्या सभेत उभे राहून स्वतः वाचीन. टपालाने पाठवणे भेकडपणाचे झाले असते.

सकाळी ११.००

आरशासमोर वाचून पाहिले. नऊ मिनिटे. आवाज दुसऱ्या परिच्छेदावर बसतो. तेथे पाणी पिण्यासाठी थांबावे.

दुपारी ४.००

चिरंजीव लवकर घरी आले. एरवी बोलत नाहीत. आज म्हणाले, बाबा, ती किल्लीला चिठ्ठी बांधून ठेवतेय, मालकाला द्यायची म्हणून. उद्या काय होईल असं वाटतं. मी म्हटले, उद्या न्याय होईल. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. बऱ्याच वर्षांनी. मला पुढे काही वाचता आले नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार. संध्याकाळी ७.३०

सभा झाली.

पत्र कोटाच्या आतल्या खिशात होते. सचिवांनी प्रारंभीच माझा गौरव केला. म्हणाले, सुनेला पाचवा क्रमांक देण्याची छाती दुसऱ्या कोणाची आहे. टाळ्या. कोषाध्यक्ष कवळी सावरून म्हणाले, माझ्या मुलाला सरांनी सत्तावीस गुण दिले होते, तेव्हा राग आला होता, आज कळलं की माणूस सगळ्यांना सारखाच. पुन्हा टाळ्या.

मग अध्यक्षांनी विचारले, सर, अहवाल स्वीकारण्यापूर्वी काही दुरुस्ती?

मी उभा राहिलो. हात खिशाकडे गेला. सर्व माना माझ्याकडे वळल्या होत्या. मी म्हणालो, होय, काही गंभीर दुरुस्त्या आहेत.

आणि टंकलेखकाच्या चुका सांगितल्या. पान दोनवर दोन स्वल्पविराम गळले होते. पान सातवर ‘पोत’चे ‘पोट’ झाले होते. अकरा मिनिटे बोललो. कोणीतरी पंखा बंद केला. अहवाल एकमताने मंजूर. ऑर्डर घड्याळाच्या चौकाला.

परत आलो तेव्हा तिघेही जेवणाच्या टेबलाशी बसलेले. ताटे वाढलेली, कोणी घासही घेतला नव्हता. मी सांगितले, सभेचा निर्णय. सूनबाई म्हणाली, बसा बाबा, गार होतंय.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

पत्र अद्याप खिशात आहे. पुढच्या सभेत, संकीर्ण विषयांत मांडता येईल. पुढची सभा एप्रिलमध्ये.

पाऊण दिवस खोलीत फेऱ्या घातल्या. खालच्या मजल्यावरच्यांनी वर येऊन विचारले, काही हरवलंय का.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आज सकाळी घड्याळाच्या चौकातील ते तरुण मालक सूनबाईच्या दुकानात आले होते. खिडकीतून पाहिले. दारात उभे राहून त्यांनी काहीतरी खाल्ले, मग बोटे चाटली, मग आत गेले. अर्ध्या तासाने बाहेर आले. काय बोलणे झाले, हे मी विचारले नाही. विचारण्याचा मला नैतिक अधिकार उरला आहे का, यावर एक परिच्छेद लिहिला. लांबला म्हणून खोडला.

२३ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ११.४५

सांगून टाकले.

दुकानात गेलो. फळ्या रिकाम्या होत्या, सूनबाई साचे वर्तमानपत्रात गुंडाळत होती. मी खिशातून पत्र काढले आणि उभ्यानेच वाचू लागलो. दुसऱ्या परिच्छेदावर आवाज बसला. पाण्याची बाटली घरी राहिली होती. तेव्हा पत्राची घडी केली आणि जसे आले तसे बोललो. पाचही तुझेच होते. मला ओळखता आले नाही. सभेत मी बोललो नाही.

तिने साचा गुंडाळून खोक्यात ठेवला. म्हणाली, माहीत आहे, बाबा. पाचही दिवस आईंना बांधून मीच दिले होते. शुक्रवारी तुम्हांला दुसरा हवा झाला, तो त्याच ट्रेमधला होता. सोमवारी तुमच्यासमोर येऊन बसले, तेव्हा वाटलं होतं, सांगाल. गुरुवारीही वाटलं होतं. आई म्हणत होत्या, ते नाहीच सांगणार.

मी विचारले, मग तूच का नाही सभेत आलीस. ती म्हणाली, तुमची मान खाली गेली असती चारचौघांत. दुकान काय, होतं आणि गेलं.

मी बसलो. बसायला पिठाचा डबा होता.

पुढे तिनेच सांगितले. घड्याळवाल्यांना चारशे कपकेक एकट्याने झेपत नाहीत. त्यांनी कालच तिला विचारले, आमच्याकडे भट्टी सांभाळाल का. ती हो म्हणाली. फोन उचलण्यापेक्षा बरे. उद्या पहाटे पाचला हजर व्हायचे. समारंभाचे चारशे तीच करणार, खोक्यांवर नाव त्यांचे. दुकानाची किल्ली आज संध्याकाळी परत.

मी म्हणालो की हा अन्याय आहे, आणि मी आजच अध्यक्षांना लिहीन. ती हसली. हसताना थोडीशी माझ्यासारखीच, एका बाजूने. मग हातातला चुरा झाडून म्हणाली, कशाला, बाबा. उद्यापासून घड्याळाच्या चौकात उ मिळेल. तुमचा अहवाल आता बरोबर झाला.

घरी आल्यापासून हे वाक्य तपासतो आहे. त्यात दुरुस्त करण्यासारखे काही सापडले नाही.